आगाशे नावाने दोन खोल्या

१२ डिसेंबर, शुक्रवार

पाचवंही फार्महाउस नापास! ऑफिसात मीनाने लॅपटॉप मिटलाच. "निशिगंधा, अगं दोन रात्रींसाठी जायचंय, जन्मभर नांदायला नाही!" जाणार आम्ही सहा जण: ती आणि तिचा नवरा उदय, मी, माझा नवरा नागसेन, आमची गीता आणि आई — म्हणजे सासूबाई. नापास करणारी दर वेळी मीच. कुठे पायऱ्या, कुठे बाथरूम खोलीबाहेर. आईंचे गुडघे बघता सगळं एका पातळीत हवं.

आई मात्र — "पैसे घेऊन शेतात जायची मी. आता पैसे देऊन शेतात झोपायचं व्हय? लई शहाणी माणसं तुम्ही!" तासाभराने हळूच विचारलं, "तिथं ज्वारी उभी असंल का गं?"

१४ डिसेंबर, रविवार

सापडलं. अनंतगिरीच्या टेकड्यांच्या अलीकडे. बैठं घर, दारापर्यंत गाडी, एकही पायरी नाही, मागे शेत. आणि या तेलुगू मुलखात मालकीण चक्क मराठी — मंगलाताई. फोनवर इतक्या खूश झाल्या! "अय्या, मराठी! जेवण घरचंच हो, माझ्या हातचं. आडनाव काय तुमचं?"

मी म्हटलं — आगाशे.

आगाशे मीना आहे. मी सोनकांबळे.

"मग काही प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. "काय आहे, पाहुणे आमच्याच स्वयंपाकघरात वावरतात. आधी विचारून घेतलेलं बरं."

तिथेच फोन ठेवता आला असता. नाही ठेवला. तारखा सांगितल्या, दोन खोल्या सांगितल्या, धन्यवादसुद्धा म्हणाले!

बावीस वर्षं ऑफिसात माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. कधी लपवलं नाही. मग आज काय झालं? आईंसाठी हे घर हातचं जाऊ नये म्हणून? असं लिहिलं की चांगलं दिसतं. खरं हे की 'काही प्रश्नच नाही' ऐकल्यावर मला बरं वाटलं. अगदी सुटल्यासारखं. तेही लिहून ठेवते.

१५ डिसेंबर

मीनाला सांगितलं. म्हणजे अर्धं — "बुकिंग तुझ्या नावावर केलंय." ती हसली. "बरं झालं, सगळं एकाच नावावर!" मग क्षणभर माझ्याकडे बघून फायलीत डोकं घातलं. कळलं तिला. का, ते विचारलं नाही. चांगुलपणा की सुटका? तिला विचारायचा हक्क मला आता उरलाय का?

१७ डिसेंबर, बुधवार

आईंची पिशवी दोन दिवस आधीच तयार. लुगडी दोन, गुडघ्याचं तेल, आणि रुमालात गुंडाळलेली बुद्धाची वीतभर मूर्ती. रात्र कुठेही काढायची असो, आई आधी ती मूर्ती मांडतात, मेणबत्ती लावतात. पहाटे वंदना, तीही खड्या आवाजात. आणि भेटेल त्याला जयभीम! बरकतपुऱ्यातल्या आमच्या तेलुगू डॉक्टरांनाही. ते आता आधीच हात जोडतात.

मी पिशवीकडे बघत उभी राहिले. मंगलाताईंची भिंत किती जाड असेल? पहाटे त्या किती वाजता उठत असतील?

आईंसाठी पाच घरं नाकारली. आता एका घरासाठी आईंना नाकारायला निघालेय.

१८ डिसेंबर

नागसेनला म्हटलं, तिथे आत पायऱ्या आहेत. "फोटोत तर सपाट दिसतंय." "आत आहेत. खोलीत उतरायला." शांतपणे म्हटलं. दुसऱ्यांदा किती सोपं जातं!

आई ऐकत होत्या. "न्हाई माय, थंडीनं गुडघे बी धरलेत. तुम्ही जाऊन या." त्यांच्यासोबत थांबायला नागसेनने त्याच्या बहिणीला बोलावून घेतलं. पिशवी आईंनी स्वतःच रिकामी केली. मी मदतीला गेले नाही.

२१ डिसेंबर, रविवार

परत आलो. घर सुंदर होतं. लिहायलाच हवं — सुंदर होतं. मागे ज्वारी कंबरेपर्यंत.

मंगलाताईंनी मला आणि मीनाला जावाच ठरवून टाकलं. "थोरल्या वहिनी कोण, धाकट्या कोण?" उदय मोठ्याने हसला. नागसेनला आडनावाचं काहीच माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग उठून शेताकडे गेला. दोन दिवस कामापुरतंच बोलला.

आज सकाळी मंगलाताईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. थालीपीठ थापता थापता बोलत होत्या, "मागच्या महिन्यात एक कुटुंब आलं होतं. नावावरून काही कळलं नाही हो. नंतर कळलं. सगळी भांडी पुन्हा घासून घेतली. आपल्याला काय माहीत, काय खातात, कसे राहतात!" दारात मीना ताट घेऊन उभी होती. तिने ताटातून नजर वर केली नाही. आणि मी? मी म्हटलं, "हो ना." आणि दुसरं थालीपीठ मागून घेतलं. त्यांनी लोणी जरा जास्तच घातलं.

गाडीत गीता म्हणाली, "मम्मी, आपण आगाशे कब से हुए?" मग स्वतःच "जाऊ दे, लाइट लो," म्हणून तिने कानात हेडफोन घातले. सोळा वर्षांची आहे. कशी रागावू? कोणत्या तोंडाने?

२२ डिसेंबर

नागसेन एवढंच म्हणाला, "आईला तू सांग. मी सांगणार नाही."

२४ डिसेंबर, बुधवार

आईंना सगळं सांगितलं. आडनाव, पायऱ्या, थालीपीठ. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढं मात्र पाळलं. वाटलं, बोल लावतील. लावावेतच.

आई उठल्या, पेटी उघडली. तळातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. माझ्या सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला — नागसेनला आजवर 'हरवला' म्हणून सांगितलेला. नाव दौलत. आडनाव पाटील.

"गावाकडनं आलो तवा गौलीगुड्यात खोली मिळना, म्हणून ह्यांनी पाटील सांगितलं व्हतं. अकरा महिनं राहिलो, बाराव्यात हे गेले. दाखल्याला मालकानं तेच नाव लिहून दिलं. तवापासून हे पाटीलच हायेत."

कागद तुझ्याजवळ ठेव म्हणाल्या.