तळ्यातल्या गावाला आजी मिळाली

कामेगाता वसाहत,
१२ जून १९७१

ति. इवाओदादास,
तोकिएचा सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. गाडीतून उतरल्यावर तिने आधी अंगठ्याने जमीन दाबून पाहिली. तळं आटवून केलेलं गाव म्हणजे उसनी जागा, तळं आज ना उद्या मागायला येणार, असं तिचं म्हणणं. ह्यांनी हसत हसत तिला बांधावर नेऊन पाणी उपसणारे पंप दाखवले. ते बंद पडले तर काय, असं तिने विचारल्यावर ह्यांचंच हसू बंद पडलं.

इथे सगळे तिशीतले, कुठल्या कुठल्या प्रांतांतून आलेले. पिकल्या केसांचं माणूस नाहीच. शेजारच्या मुली अंगणात बसून आईला नुसत्या बघतात. सुरकुत्या दुखतात का, असं एकीने विचारलं. हसताना दुखत नाहीत, म्हणाली आई.

भातलावणी उरकली की तिला पाठवते. वहिनींना नमस्कार. लोभ असू द्यावा, तळ्यासारखा आटवू नये.

तुझी, तोकिए

२० जुलै

चि. तोकिए हिस अनेक आशीर्वाद.

भात गुडघ्याला लागलं असेल. आई कुठे आहे? दरवर्षी आई खारवते ती उमेची आंबट फळं यंदा तुझ्या वहिनीने खारवली, त्यांना बुरशी आली. सासू-सुनेचं भांडण झालं का, असं शेजारी विचारतात. झालं नव्हतं, आता माझं आणि तिचं रोज होतं. डोंगरावरून हाक मारतोय, ऐकू आली तर कळव.

तुझा, दादा

२९ जुलै

ति. दादास सा. न. वि. वि.

रागावू नकोस. आईने गावच्या कचेरीत जाऊन स्मशान कुठे आहे म्हणून विचारलं. कारकून नकाशा उलटसुलट करत राहिला. शाळा आहे, कोठारं आहेत, ते कुणाला सुचलंच नव्हतं. आई म्हणाली, "जिथे मरायचं कुणी ठरवलं नाही, ते गाव नव्हे, मुक्काम." सभा भरली आणि पूर्वेच्या बांधाजवळची जागा ठरली. आई रोज तिथे जाऊन बसते. ती जागा स्वतःसाठी मागितलीस का, असं तिला विचारायचा मला धीर होत नाही. आणि खरं सांगू? ती इथेच राहावी असं मलाही वाटतं.

तुझी, तोकिए

५ ऑगस्ट

चि. इवाओ यास आईचे आशीर्वाद.

'बाबांचं काय?' एवढीच तुझी तार. वेड्या, त्यांच्या शेजारची जागा माझीच आहे, दुसऱ्या कुणाला देशील तर खबरदार.

इथली जागा मी माझ्यासाठी नाही मागितली. ही पोरं घरं बांधतात, पण दारात झाड लावत नाहीत. नाही जमलं तर परत जाऊ, असं प्रत्येकाच्या मनात. तोकिएनेसुद्धा लग्नाची पेटी अजून पुरती उघडली नव्हती. जागा ठरली त्या संध्याकाळी तिने ती रिकामी केली. जावयांनी पर्सिमनचं रोप लावलं. त्याला फळ धरायला आठ वर्षं लागतात, हे त्यांना ठाऊक आहे.

पितरांच्या बोन सणाला, बाबांना दिवा दाखवायला, मी येते. बरोबर शेजारच्या तीन मुली आहेत. त्यांच्या आयांना विचारलंय, तुला विचारत नाही. त्या कधी डोंगर चढलेल्या नाहीत. एवढ्या उंचावरून माणसं घरंगळत कशी नाहीत, असं धाकटी विचारते. ती तुला विचारील तेव्हा हसू नकोस.

सुनेला मायेने वागव.

आई