गोड्या पाण्याने धुतलेली होडी

बाबा, होडी अजून आहे. आधी तेवढेच सांगते, कारण आपल्याकडच्या इतर फारशा गोष्टींबद्दल तसे म्हणता येणार नाही. जाळे खांद्यावर टाकून ज्या वाटेने तुम्ही खाडीकडे उतरत होता, तिच्या निम्म्या रुंदीवर आता एका गोदामाची निळ्या पत्र्याची भिंत उभी आहे, आणि दुपार कलली की तिची सावली आपल्या अंगणात येते. त्या सावलीत, दोन ओंडक्यांवर, ताडपत्रीखाली होडी आहे. तुमच्यानंतर काही वर्षे काकांनी ती चालवली. त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून ती जागची हललेली नाही. आता वडप्याच्या बाजूला हायवेवर ढाबा चालवणाऱ्या एका गृहस्थांना ती हवी आहे. समोरच्या हिरवळीवर ठेवून तिच्यात फुलझाडे लावू, लोक जवळ उभे राहून फोटो काढतील, असे ते आईला म्हणाले, आणि आईने होकार दिला. रविवारी त्यांचा टेम्पो येणार होता. तोवर पुढचा डेक खरवडून चकचकीत रंगवून ठेवा, एवढीच त्यांची अट होती. ते काम मी करते, असे मी म्हणाले. का म्हणाले, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हते. दापोड्याच्या ज्या गोदामात मी बाहेर जाणाऱ्या मालाच्या नोंदी संगणकावर भरते, तिथे आठवड्याची रजा मागितली आणि कारण घरगुती असल्याचे सांगितले.

होडीचा डेक म्हणजे तरी काय, पुढच्या टोकाला, ज्याला तुम्ही नाळ म्हणत होता तिथे, ठोकलेल्या मोजक्या फळ्या. दोन माणसे मांडी घालून बसली तर तिसऱ्याला जागा नाही. मी पत्र्याची खरवडणी घेतली आणि फळ्यांच्या लांबीच्या दिशेने रंग काढत गेले. वरचा निळा काकांचा, त्याखालचा दाट तपकिरी तुमचा. त्याच्याही खाली हिरवा लागला आणि तो काही केल्या निघेना. तेव्हा आठवले, की ही होडी मुळात आपली नव्हतीच; शहरातल्या जुन्या बंदराजवळ राहणाऱ्या एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याकडून तुम्ही ती वापरलेली घेतली होती. व्यवहार झाल्यावर ते म्हातारे गृहस्थ होडीच्या कडेवर हात ठेवून तुम्हाला म्हणाले होते, ‘‘साल में एक दफा इसको मीठा पानी पिलाना, मियाँ. खारा पीकर थक जाती है.’’ हे तुम्ही घरी येऊन त्यांच्याच आवाजात करून दाखवले होते आणि आई पदर तोंडाला लावून हसली होती. पुढे मात्र दर वर्षी रंगाच्या आधी तुम्ही हंडे भरभरून होडी धुऊ लागलात, तेव्हा तिचे हसू गेले. नळाला एक दिवसाआड पाणी यायचे. ‘‘मानसांना प्यायला पानी न्हाय, आन् तुमची नवरी न्हाते!’’ असे ती दारातून ओरडायची, आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, ‘‘नवरीला न्हाऊ दे गो. तू रोज न्हातेस, ती बिचारी सालातनं येकदा.’’

काका ओट्यावर पाय लांब करून माझे काम बघत होते. ‘‘काय गो मॅडम, बुकात बघून खरवडतंस काय?’’ त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, ‘‘मग बघून खरवड. फली रडाया लागली बग.’’ मी पाहिले. एका ठिकाणी खरवडणी खोल जाऊन लाकडाचे तंतू उभे राहिले होते. तिथून पुढे हात हलका ठेवला. एवढे सगळे करत होते, बाबा, पण मी ते खाली जमिनीवर उभी राहून, हात लांब करून करत होते. नाळेच्या अगदी टोकाला हात पोचेना. वर चढल्याशिवाय ते होण्यासारखे नव्हते, आणि मी बराच वेळ चढले नाही.

तुम्हाला तो दिवस आठवण्याचे कारण नाही. मी तिसरीत होते. होडी अशीच अंगणात ओढून घेतलेली होती आणि घरात पाहुण्यांचा गलबला होता, म्हणून शाळेच्या वाचनालयातले पुस्तक घेऊन मी नाळेवर जाऊन बसले. तिथे वारा येत होता. मासेमारीच्या जोडीला तुम्ही लूमच्या कारखान्यातही होता; तिथल्या ड्युटीवरून परतलात, अंगावर कापसाचा भुगा तसाच होता, आणि मला बघताच ज्या आवाजात ओरडलात तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. ‘‘उतर खाली! तिथं बाईमानसानं पाय न्हाय ठेवायचा. पुनवेला तिथं नारल ठेवतो आपन, कलला नाय तुला?’’ मी उतरले. तुम्ही हंडा आणलात आणि जिथे मी बसले होते ती जागा, फळी न् फळी, काथ्याने घासून धुतलीत. मी ओट्यावरून बघत होते. माझ्या पायांनी काय झाले असेल, की ते एवढे घासून काढावे लागते, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. तेव्हापासून मी ओट्यावरच बसून वाचू लागले. खाडीवर गेले नाही, होडीत बसले नाही. लोक म्हणायचे, पोरगी अभ्यासू आहे, पाण्याकडे ढुंकून बघत नाही. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा गुरुजींनी भाषणात माझ्या एकाग्रतेचे कौतुक केले. तुम्ही तोवर गेला होता.

आणि तरीही, ज्या वर्षी डेकची एक फळी कुजली म्हणून बदललीत, त्या वर्षी तिचा धड राहिलेला भाग रंधून तुम्ही मला लिहायला उतरते मेज करून दिले होते. त्याला माशाच्या तेलाचा वास यायचा. उन्हाळ्यात ते तेल पाझरून वहीच्या पानांवर डाग पडत आणि वर्गात बाई वही नाकापासून लांब धरून तपासत. मी त्याच मेजावर शेवटपर्यंत लिहिले. जिथे मला पाय ठेवायची मनाई होती त्याच जागेची फळी तुम्ही माझ्या मांडीवर आणून ठेवली, यात काही विसंगती आहे असे तुम्हाला वाटले नसावे. मलाही तेव्हा वाटले नाही. कावीळ उतरेना आणि तुम्ही गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या मेजावर भूमितीची प्रमेये सोडवत बसले होते. आत्याने बघितले आणि ‘‘दगड हाय पोरगी’’ म्हणाली. तिचे फारसे चुकले नव्हते. आताही हे लिहिताना माझा हात अगदी स्थिर आहे.

गुरुवारी मी डेक धुवायला काढला. आता टँकरचे पाणी येते, त्यामुळे आईचे बोलणे बदलले आहे, आवाज तोच आहे. मी बादलीत थोडेसे पाणी घेतलेले पाहून ती स्वतःच दुसरी बादली घेऊन आली. ‘‘येवढ्यात काय व्हनार? भरपूर वत. मीठ निघाला पायजे. मीठ र्‍हायला तर रंग फुगतो, पापुद्रे येतात. तुझे बाबा रंगाच्या टायमाला नाल घासूनघासून धुवायचे.’’

होडीवर हंडे ओतताना मी तुम्हाला दर वर्षी पाहिले होते, पण काथ्याने घासताना फक्त त्या एका दिवशी. मी विचारले, ‘‘घासायचेही दर वर्षी?’’

‘‘मंग? दर वर्षी. काथ्यानं.’’

‘‘मी तिसरीत असताना नाळेवर बसले होते, त्या दिवशीही धुतली होती.’’

आई आठवू लागली. ‘‘आसंल. पावन्यांच्या टायमाला ना? त्याच्या दुसऱ्या दिवशी रंग लावलेला. का गो?’’

ती बादली ठेवून आत गेली. मी काथ्या घेतला आणि घासू लागले. पाणी फळ्यांवरून पांढुरके होऊन खाली येत होते. बोटाला लावून चाखले तर खरोखरच खारट होते. म्हणजे ज्याला मी इतकी वर्षे माझ्या पायांचे शुद्धीकरण समजत होते, ते फक्त मीठ काढणे असू शकते. किंवा दोन्ही असू शकते. तुम्ही ओरडला होता हे तर खरेच आहे. हे कळल्यावर मनावरचे ओझे उतरावे, निदान हुंदका तरी यावा, अशी मी वाट पाहिली. फळ्या उन्हात वाळेपर्यंत वाट पाहिली. काही आले नाही. मग चपला काढून वर चढले आणि टोकापर्यंतचा राहिलेला रंग काचपेपरने काढला. आई दारातून बघत होती. ती ‘‘पोरी, सांभालून’’ एवढेच म्हणाली.

शुक्रवारी प्राइमर, शनिवारी सकाळी रंगाचा पहिला हात. ढाबेवाल्यांनी चकाकणाऱ्या रंगाचा डबा पाठवला होता. पहिला हात वाळल्यावर फळ्या आरशासारख्या झाल्या आणि त्यांच्यात गोदामाची भिंत दिसू लागली. दुसऱ्या हाताचा रंग ढवळताना काका म्हणाले, ‘‘तुझा बा यात रेती टाकायचा. चालून, बारीक. वल्या फलीवर पाय सरकू नये म्हनून.’’ मग स्वतःच हसले. ‘‘पन आता कोन उभा र्‍हानार तिच्यावर? गुलाबाची कुंडी?’’ घरामागे शेजाऱ्यांच्या बांधकामाच्या रेतीचा ढीग होता. मी चहाची जुनी गाळणी घेऊन गेले, रेती चाळून आणली आणि डब्यात ओतली. असे करताना मी काही ठरवले होते असे म्हणवत नाही. हाताने केले आणि मी त्याच्या मागून गेले.

रविवारी ते गृहस्थ आले. त्यांनी डेकवरून तळवा फिरवला आणि चटकन मागे घेतला. ‘‘अहो मॅडम, हे काय केलंत? कस्टमर फोटोसाठी टेकणार याच्यावर, पँटी फाटतील की लोकांच्या!’’ मी म्हणाले, होडी द्यायची नाही. माझा आवाज इतका हळू होता की ते दोनदा ‘‘क्या बोले?’’ म्हणाले. तिसऱ्यांदा काकांनी माझ्या वतीने ओरडून सांगितले. टेम्पो रिकामा गेला. आई नंतर भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, ‘‘मी शब्द दिलेला. रोज दार उघडला की ती दिसते. तुला कामाला जायचा आसतो. मी बघत बसते दिवसभर.’’ तिला होडी का नको होती, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलेच नव्हते. सॉरी म्हणणे आपल्या घरात कोणाला येत नाही. मी तिच्या शेजारी बसून भांडी विसळली आणि म्हणाले, ती दारात राहणार नाही, पाण्यात जाईल. आई म्हणाली, ‘‘कोन नेनार?’’ मी म्हणाले, मी नेईन.

काकांनी शेजारच्या मिस्त्रीला सांधे भरायला बोलावले आहे. वल्ही कशी धरायची ते स्वतः काठावर खुर्ची टाकून शिकवणार आहेत. मोठ्याने शिकवणार आहेत, म्हणजे सगळ्या गावाला कळेल. काल आईने स्वतःहून विचारले की मुहूर्त बघायचा की नाही. हे सगळे मी तुम्हाला कळवते आहे खरी, पण हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही हे मला माहीत आहे. तो घडी घालून ठेवीन, किंवा ठेवणारही नाही. फक्त एक गोष्ट राहिली, जी आईला सांगितली तर ती होडी आजच ढाब्यावर पाठवील, आणि काकांना सांगितली तर ते हसून हसून खुर्चीवरून पडतील. खाडीच्या काठावर जन्मले, वाढले, बाबा, पण मला पोहता येत नाही.