खिशातला कांदा

सोमवार, १५ मे १९७२

ऊन लागू नये म्हणून मी रोज ऑफिसला निघताना सुमन माझ्या खिशात कांदा घालते. तिथे सगळे हसतात, म्हणून मी तो कोपऱ्यावरच्या गाईपुढे टाकतो. आजही टाकला.

संध्याकाळी आलो तर सुमन तापाने फणफणलेली. भर दुपारी इतवारीच्या बाजारात गहू आणायला गेली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “पाहून काय राहिले? ऊन लागलं तिले. कांदा किसून तळपायाले चोळा.”

टोपली रिकामी. सुमन डोळे मिटूनच म्हणाली, “एकच उरला होता. तुमच्या खिशात हाय ना.”

आणि मी नालायक, खिसा चाचपत राहिलो! खरंच शोधत असल्यासारखा. कुणाला लाजत होतो मी इतके दिवस?

“पडला असंन,” तीच म्हणाली. “उद्या रुमालात बांधून देईन.”