दुसरी बॅटरी

प्रिय अनुया,

फोनवर बोलताना तुझी आई शेजारी बसलेली असते आणि मला दोन वाक्यांत धाप लागते, म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

तू बंगळूरला गेलीस तेव्हा आपली व्हॅन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा होता. तळोज्याची नोकरी संपल्यावर मी तिच्यात पलंग, शेगडी, पंखा बसवला. पुढच्या सीटखाली दोन बॅटऱ्या ठेवल्या, एक इंजिनाची आणि दुसरी घराची. गाडी चालू असली की मधला रिले दोन्ही जोडतो आणि अल्टरनेटर दोघींना चार्ज करतो. गाडी बंद केली की तो त्यांना वेगळं करतो, म्हणजे पंखा कितीही चालला तरी इंजिनाच्या वाट्याचं कुणी खात नाही. कमावणारा एक आणि खाणाऱ्या दोघी, असं आई म्हणायची. पण दुसरी किती भरली हे तीच पाहायची, मीटरपुढे चष्मा लावून.

पुढे माझी फुप्फुसं आखडत गेली आणि पंख्याच्या जागी ऑक्सिजनचं मशीन लागलं. स्टिअरिंग आईकडे गेलं. तरी आम्ही फिरलो. घाटातल्या चढावर ती दात-ओठ खात गियर टाकायची आणि वर पोचल्यावर चहा करायची. ते दिवस चांगले होते. घरी खिडकीतून मला समोरची पाण्याची टाकी दिसते, बस.

गेल्या महिन्यात उरणला गेलो होतो हे तुला आम्ही सांगितलं नाही. समुद्र पाहिला, परत निघालो. जासईपाशी एक कंटेनर आडवा झाला होता आणि पुढे-मागे ट्रेलरच ट्रेलर. इंजिन चालू होतं, तरी मशीनने टीं टीं सुरू केलं. आईने मीटर पाहिलं. दुसरी बॅटरी तळाला गेली होती. रिले जळला होता, वाटभर तिला काही मिळालंच नव्हतं. मशीन बंद पडलं. छोटा सिलिंडर लावला, पण तो काही फार पुरणारा नव्हता आणि अँब्युलन्सला यायला वाट नव्हती.

तिने सीट उचलली. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट द्यायची जाड केबल काढली आणि दोन्ही बॅटऱ्यांचे प्लस एकमेकांना जोडले. चांगलीच ठिणगी उडाली, तिचा तळवा भाजला. मग एक्सलेटरवर पाय दाबून बसली. थोड्या वेळाने मशीन पुन्हा धडधडायला लागलं. काचा बंद, तरी बाहेरचा धूर आत येत होता. खरं सांगतो, मला तेव्हा पुरे वाटलं होतं. मी हाताने केबलकडे खूण केली, राहू दे म्हणून. तिला कळलं. तिने माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिली.

पनवेलच्या हॉस्पिटलात मला आत ठेवलं, मग घरी सोडलं. व्हॅन खाली उभी आहे. आई रोज इंजिन सुरू करते. रिले नवीन बसवून घेतलाय. आता आपण कुठे जाणार नाही, हे आम्ही दोघं बोलत नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढचा झटका म्हणजे व्हेंटिलेटर, आणि त्यावरून मी परत येणार नाही. मला तो नकोय. तसं लिहून त्यांच्याकडे दिलंय, पण वेळ आली की ते घरच्यांना विचारतीलच. काल आईला म्हटलं, तू नाही म्हण. ती तळव्याला मलम लावत होती. म्हणाली, "मला जोडायला सांगा. तोडायला सांगू नका." मग उठून आत गेली. तिच्याकडून हे होणार नाही, अनुया, आणि तिच्यावर ते यावं असं मलाही वाटत नाही. म्हणून तुला मागतोय. फोन आला की ये, तिला दाराबाहेर बसव आणि डॉक्टरांना तू नाही म्हण. नंतर ती तुझ्याशी बोलणार नाही, कदाचित बरेच दिवस. तरी तिच्याजवळच राहा.

तुझ्यावर हे ओझं टाकणारा, तुझाच,
बाबा