पडद्यावरची खिडकी

१२ मार्च, सकाळ

चिरंजीव धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. त्यात थोडा राग मिसळला आहे, तो चाळून घे.

माझा घसा आता बरा आहे. परवा सभा झाली, टाळ्याही पडल्या. तुझे भावजी रोज विचारतात, दिवाणखान्यातली ती गुंडाळी आणखी किती दिवस ओलांडायची?

गुंडाळी म्हणजे तू नाटकासाठी रंगवलेला पडदा. नाटकाचे प्रयोग संपले आणि तू नेहमीप्रमाणे त्यावर पांढरा रंग फासणार, हे कळलं तेव्हा मी थेट तुमच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला गाठलं. ज्या खिडकीत बसून आई आयुष्यभर शिवत राहिली, ती तू तिथल्या उन्हासकट रंगवलीस, आणि तीच पुसायची? त्या बिचाऱ्यापुढे मी असं भाषण ठोकलं, की त्याने पडदा घरपोच केला. बदल्यात मी तुला कोरं कापड पाठवलं. वाटलं, न्याय झाला.

मग तुझा फोन. "ताई, कापड फार छान आहे. आठवडाभर त्याच्यासमोर बसून नुसता चहा पितोय."

मी तुला आळशी म्हटलं. तू हसलास. जुन्या चित्रावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देताना खालून जे डोकावतं, त्यातूनच पुढचं सुचतं, म्हणालास. कोऱ्या कापडाशी तुझी ओळखच नाही. मला तो निव्वळ नखरा वाटला. तुला खोटं पाडायचं म्हणून काल मावेल तेवढा पडदा उलगडला आणि भिंग घेऊन गुडघ्यांवर बसले.

आईच्या खिडकीतल्या उन्हाला एके ठिकाणी तडा गेला आहे. त्याखाली मागच्या नाटकातला तुरुंग आहे. म्हणजे हे ऊन त्या भिंतीच्या पिवळ्या रंगाचं? तू तो पुरता झाकला नाहीस, एवढंच? मग तुरुंगाखाली काय होतं? आणि तो पुसताना तुला काहीच वाटलं नाही? वाद घालत नाही, खरंच विचारते आहे.

कारण कित्येक वर्षं मी एकच भाषण करते आहे. सभागृह बदलतं, विषय बदलतो; मूठ आवळायची जागा तीच. लोकांना आवडलं, म्हणून जपलं. येत्या रविवारी विद्यार्थ्यांपुढे बोलायचं आहे, आणि नवं एक वाक्य सुचत नाही. या खिडकीसमोर बसले की सुचेल, म्हणून ती आणवली. तुला आईची आठवण म्हणून सांगितलं. तेही खरंच, पण अर्धं.

खिडकी सुंदर आहे. तिच्याकडे पाहिलं की आणखी पाहत बसावंसं वाटतं. बाकी काही नाही.

उद्या टेम्पोवाला पडदा परत तुझ्याकडे घेऊन येईल. भावजी म्हणाले, निदान फोटो तरी काढून ठेव. दोनदा मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. रविवारी हातात टिपणं न घेता उभी राहणार आहे. फजिती झाली तर तुला आधी कळवीन, म्हणजे तुला हसायला वेळ मिळेल.

आईच्या खिडकीवर पहिला हात देशील, तेव्हा मला बोलाव. मी तोंड उघडणार नाही, हे लेखी देते. खालून काय डोकावतं, तेवढं पाहू दे.

अजून काहीच न सुचलेली,
तुझी ताई