साडेछत्तीस अंश

१४ मे. आज रजा घेतली. सकाळी तुझ्या घराजवळच्या इस्पितळात गेलो, दुपारी टेकडीवरच्या. घरी येऊन चहा केला, तो प्यायचा राहिला.

प्रिय ठमे,

सातव्या महिन्यातच कळा येऊ शकतात असं तुझ्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझं कशात लक्ष नाही. तू म्हणालीस, दादा, तुमचं बाळंतपण जिथे झालं त्या घराजवळच्या इस्पितळातच नाव घातलंय, तूच तर त्यांचं कौतुक करत होतास. करत होतो. आमची पिटुकली तिसऱ्या दिवशी तिथेच गेली, घरी आणता आली नाही, तरी करत राहिलो.

मी मोजणीदार माणूस, फूटपट्टी लावल्याशिवाय मला काही पटत नाही, असं तू लहानपणापासून चिडवतेस. तर मोजून आलो. दोन्हीकडचे अहवाल मागून घेतले. यंत्रं तीच, बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या त्याच. गेल्या वर्षी दीड किलोच्या आतली चाळीस बाळं तुझ्या इस्पितळात होती, त्यातली एकोणतीस घरी गेली. टेकडीवर बेचाळीसपैकी अडतीस. तिथली बाळं जरा दणकट असतील म्हणून वजनं जुळवून पाहिली, तर तशीच. फरक एवढाच दिसला, की टेकडीवर बाळंतपणाच्या खोलीतला एसी आधीच बंद करतात आणि कुणी म्हटलं तरी लावत नाहीत. बाळ आलं की लगेच टोपी, आणि जमेल तितक्या लवकर आईच्या उघड्या छातीवर. थोरली नर्स घामानं निथळत होती. म्हणाली, आम्ही शिजलो तरी चालेल, पिल्लू गार पडता कामा नये. मी हसलो, आणि मग हसता येईना.

आमच्या वेळी तुझी वहिनी घामाघूम झाली होती. मला बघवेना. एसी बंद होता. मी दारातून नर्सला म्हणालो, जरा लावा ना. तिनं लावला. पिटुकलीच्या कागदावर पहिलं तापमान चौतीस आहे, हवं होतं साडेछत्तीस. टेकडीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या एकाच गोष्टीनं झालं असं म्हणता येत नाही, आणि तुम्हाला नाही म्हणायचं काम तिथल्या नर्सचं होतं. असेल. वहिनीनं माझं बोलणं ऐकलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. फोनवर हे तुला सांगता आलं नसतं. तू उद्याच टेकडीवर नाव घाल. कितीही उकडू दे, जावईबापूंना दाराबाहेर गप्प उभं राहायला सांग.

चहा पार गार झालाय. तो तापवून पितो आणि हे टपालपेटीत टाकून येतो.

तुझाच,
दादा