भिंतीला हात लावून

४ मार्च

सामान लागलं. म्हणजे खोकी भिंतीला लागली, उघडायची बाकी आहेत. खोली चांगली लांबट आहे: एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी, मध्ये टेबल. खाली घरमालकीणबाई राहतात. किल्ली देताना त्यांनी दोनदा बजावलं की वर धपधप चालायचं नाही, दुपारी त्यांचा डोळा लागतो. उद्यापासून रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात रुजू. आणि तरणतलाव हाकेच्या अंतरावर. आणखी काय हवं माणसाला.

निघताना बंड्याने, माझ्या धाकट्या भावाने, एक डबी हातात कोंबली. पोहण्याचा स्मार्ट गॉगल. पोहता पोहता काचेतच दिसतं म्हणे: फेऱ्या, वेग, हृदयाचे ठोके. कुणीतरी वापरून विकलेला आहे, पण ओरखडासुद्धा नाही. उन्हाळ्यात मला तळ्याची शर्यत पोहायची आहे ना, त्याची ही लाच. हरलीस तर परत घेईन, असंही सांगून झालं.

६ मार्च

पहिला सराव. गॉगल चढवला तर काचेच्या कोपऱ्यात हिरवी अक्षरं: ‘सराव चालू आहे’. मी अजून काठावरच बसलेली. आधीच्या माणसाने बंद करायचा राहिला असणार. बटण फक्त गॉगल डोळ्यावर असतानाच चालतं आणि तेही थोडी विश्रांती देतं, सराव संपवत नाही. जाऊ दे म्हटलं आणि उडी मारली.

मजा आली पण. भिंत जवळ आली की काच मंद उजळते, हात लावून वळलं की फेरी मोजली जाते. श्वास कधी घ्यायचा तेही दाखवते. तलावावरचे जीवरक्षक कौतुकाने म्हणाले, बाई, तुमचं वळणं एकदम घड्याळासारखं आहे.

८ मार्च

रात्री जेवताना बंड्याचा फोन. माझा सराव त्याच्या मोबाइलवर दिसतो. इतक्या उशिरा पोहतेस का, म्हणून रागावला. मी घरी आहे म्हटलं तर त्याला पटेना. मी ताट मोरीवर ठेवून परत फिरले तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, ही बघ, आत्ता वळलीस.”

दोघंही हसलो. मी जरा उशिराच हसले.

११ मार्च

आज लाज गेली. एका आजोबांना चाकाच्या खुर्चीतून एक्स-रेला नेत होते. व्हरांड्याच्या टोकाला भिंत आली, माझा हात आपोआप भिंतीला लागला आणि मी वळून चालू लागले. आजोबा मागून शांतपणे म्हणाले, “पोरी, मी इकडे राहिलो.” विभागातले सगळे हसले. मीही.

माझा हात आपोआप गेला. मी नेला नाही.

गॉगल डबीत घालून कपाटात ठेवला. आता पोहायचं नाही.

१३ मार्च

पोहत नाही तरी सराव चालूच आहे, बंड्या सांगतो. आता श्वासही मोजून येतो. तीन पावलं टाकली की एक. उभी राहिले की येतच नाही. छाती आवळते, डोळ्यांपुढे निळं होतं. मग चालावंच लागतं. कामावर गेले नाही.

गॉगल विकणाऱ्याला फोन करायला बंड्याला सांगितलं. त्या माणसाच्या बायकोने उचलला. तिच्या मागे पावलं वाजत होती म्हणे. जायची, थांबायची, परत यायची. ते बोलू शकत नाहीत, चालतायत, एवढंच ती म्हणाली. गॉगल घरात नको म्हणून तिनेच विकला होता. विकूनही ते थांबले नाहीत. मग तिने फोन ठेवला.

१४ मार्च

टेबलाजवळून जाताना लिहितेय. एका फेरीला एक ओळ —

दार. चौकटीला हात. वळले. कडी समोर होती —

खिडकी. वळले.

खालून घरमालकीणबाई काठीने छत ठोकताहेत. धपधप बंद करा म्हणतात —

हाक मारायला जास्तीचा श्वास नाही —

झोप येतेय. झोपले तर —

बंड्या उद्या येतो म्हणाला —

१५ मार्च

आला. बाईंच्या किल्लीने दार उघडलं. सताड उघडं आहे. मी तिथवर जाते — चौकटीला हात — परत —

त्याने कवेत धरून बाहेर ओढलं. श्वास गेला. ओठ निळे झाले म्हणतो. घाबरून सोडलं. मी आत. चालतेय —

रडतोय. मीच आणला, म्हणतो —

कपाट उघडलं —

म्हणतो, मी घालतो, सराव संपवतो, तू सुटशील —

नको म्हणायचंय. ‘न’ निघाला. ‘को’ पुढच्या फेरीत —

त्याने चढवला —

बटण दाबतोय. हसला. काचेवर काहीच नाही म्हणतो. “ताई, संपलं बहुतेक. खाली गाडी बोलावतो.” काढून टेबलावर ठेवला —

खिडकी. वळले. माझे पाय थांबत नाहीत. तो पुढे दाराकडे चाललाय. पाठमोरा. दार उघडंच आहे —

बंड्या, हात लावू नको, नुसता बाहेर —

त्याने चौकटीला हात लावला. वळला —